आत्याचा डोळा आणि गोड बोलणारं सरकार

आमच्या भागात सरकार ओळखायची एकच खूण होती. ते खेकसायचं. तलाठी खेकसायचा, रेशनच्या दुकानात काटा धरणारा खेकसायचा, आणि पंचायत समितीच्या दाराशी स्टुलावर बसलेला शिपाई तर आतल्या साहेबाच्या वरताण खेकसायचा. घोडेगावच्या बाजारात एखादा अनोळखी माणूस कुणाशी हळू आवाजात, पूर्ण वाक्यांत बोलताना दिसला की लोक काय ते समजून जायचे. हा एक तर विमा विकणारा, नाही तर मतं मागणारा.

या खुणेवर भरवसा ठेवून वरच्या डोंगरातल्या माणसांनी एकदा जीपभर माल एका भामट्याला स्वतःच्या हातांनी चढवून दिला होता. आधी तो किस्सा सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

ते दिवस पीपी नंबरांचे होते. डोंगरातल्या गावांत फोन नव्हता. एसटी स्टँडसमोर एका शेठचं किराणा दुकान होतं, त्याच्या गल्ल्याशेजारी एक काळा फोन होता, आणि निम्मा डोंगर तोच नंबर पुढे पीपी लिहून स्वतःचा म्हणून देत असे. शेठचे आजोबा राजस्थानातून आले होते. शेठ मात्र आमच्यासारखाच बोलायचा, बेरीज तेवढी मारवाडीत करायचा. लोक त्याला हिरडा विकायचे आणि त्याच्याकडून तेलमीठ न्यायचे, त्यामुळे कुणाचा निरोप कुणाकडे जायला हवा हे त्याला पाठ होतं. फोन आला की तो डोंगराकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला सांगायचा. कंडक्टर शेवटच्या थांब्यावरच्या चहावाल्याला सांगायचा आणि चहावाला शेताच्या दिशेनं तोंड करून हाळी द्यायचा. निरोप हमखास पोचायचा. फक्त वाटेतला प्रत्येक जण त्याला आपलं मत चिकटवून पुढे पाठवायचा.

तर असा एक फोन आला. पलीकडचा माणूस आरोग्य खात्यातून बोलत होता. त्यानं शेठला नाव विचारलं नाही, सांगितलंही नाही. तुमच्या लोकांना अक्कल आहे का, अजून एकाचंही तपासणीचं कार्ड झालेलं नाही, उद्या सगळे हजर पाहिजेत, असं झापून त्यानं फोन आपटला. दुसऱ्या दिवशी सगळे हजर होते. जीपमधून उतरलेल्या पांढऱ्या कोटवाल्यानं ओळीत उभ्या असलेल्या प्रत्येकाची जीभ बघितली, प्रत्येकाला काही ना काही बोल लावला, कार्डं वाटली आणि फी घेतली. फी नव्हती त्यांच्याकडून कोंबडी घेतली, नाही तर तांदूळ. ती कार्डं कुठल्याच दवाखान्यात चालली नाहीत. पुढे सगळं उघड झालं, तरी त्या खुणेवरचा लोकांचा विश्वास तसूभर हलला नाही.

माझी आत्या त्या ओळीत उभी होती. तिची तलंग कोंबडी त्या जीपमधून गेली. ती म्हणाली, “त्यो चोर असंल, पर बोलत व्हता सरकारावानी.”

मी घोडेगावात कॉलेजला होते. वडील शिक्षक आणि चळवळीतले. आमच्या दोन खोल्यांत भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. मी अक्षरं पाटीवर कमी आणि पत्रकांवर जास्त शिकले. ‘जागे व्हा’ हे दोन शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचता येत होते. त्या गठ्ठ्यांत एक गुलाबी पत्रक होतं, आरोग्य हा आपला हक्क आहे, तो सरकारकडून मागून घ्या, अशा अर्थाचं. एक पिवळं होतं, फुकटच्या आमिषाला भुलू नका, अशा अर्थाचं. दोन्ही एकाच छापखान्यातली, एकाच सुतळीनं बांधलेली. समोर आलेलं फुकट हे हक्क समजायचं की आमिष, यावर मात्र तिसरं पत्रक कुणी काढलेलं नव्हतं.

कोंबडी गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमच्याकडे डोळ्यांचं शिबिर भरलं. आत्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. निवडलेल्या माणसांना शहराकडच्या एका सरकारी दवाखान्यात नेऊन ऑपरेशनं केली. ऑपरेशन करणारा डॉक्टर आत्याला सगळ्यांदेखत ओरडला, कारण तिनं मान हलवली. आत्याला इतकी समाधानी मी क्वचितच पाहिली. डॉक्टर चांगला आहे, असं ती पुढे ज्याला त्याला सांगत होती. काळा चष्मा आणि डोळ्यांत टाकायच्या थेंबांची बाटली घेऊन ती वर आपल्या गावी गेली. एकटीच राहायची. तिच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आणि मग दुसरा फोन आला.

तो शेठनं घेतला. मी दुपारी कॉलेजातून येताना साखर घ्यायला थांबले, तेव्हा त्यानं मला आत बोलावलं. चेहऱ्यावर अशी काही गंमत होती की मला वाटलं कुणाचं तरी लग्न ठरलं.

“ताई, तुझ्या आत्याला फोन व्हता. दवाखान्यातनं म्हणं. बाई व्हती, लई गोड बोलत व्हती.” मग त्यानं आवाज बारीक करून त्या बाईची नक्कल केली. आजी कशा आहेत, डोळा दुखतो का, पाणी येतं का, असं तिनं विचारलं होतं. आजींनी थेंब ताबडतोब थांबवावेत, बाटली घेऊन दवाखान्यात यावं, डोळ्याला धोका आहे, शक्य झालं तर गाडी पाठवते, सोबतच्या माणसाच्याही जेवणाची सोय होईल, असं सांगितलं होतं. शेठ म्हणाला होता की म्हातारी तिकडं डोंगरात, मला काय ठावं. “तर म्हणती कशी, माफ करा, तुम्हाला त्रास देते. ताई, सरकार कधी माफी मागतं व्हय?”

दुकानात तेल न्यायला आलेले दोघं होते, ते मनापासून हसले. त्यातल्या एकानं निकाल देऊन टाकला की ही किडनीवाली टोळी. त्या वर्षी किडनीची लई हवा होती. कुणाची गेलेली कुणी बघितली नव्हती, पण प्रत्येकाच्या पाहुण्यांच्या गावात एकाची गेलेली होती. गाडी पाठवणार, वर जेवण देणार, म्हणजे किडनीच. शेठनंही मान डोलावली. फुकट हा शब्द कानावर आला की मी आधी गल्ला लावून घेतो, मग बाकीचं ऐकतो, असं तो म्हणाला. दुकानदार म्हणून ते बरोबरच होतं.

मी विचारलं, तिनं मागितलं काय? नाव, पत्ता, फी, कोंबडी? शेठनं डोकं खाजवलं. तसं काही मागितलं नव्हतं. डोळा कुठला, ते तरी तिनं विचारलं का? तिनंच ‘डावा’ म्हटलं होतं. मग ती भामटी कशावरून? “आगं, बोलन्यावरनं,” शेठ म्हणाला.

घरी वडिलांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गठ्ठ्यातून गुलाबी पत्रक काढलं, मग पिवळं काढलं, आणि दोन्ही समोर ठेवून बसले. हा प्रश्न एका व्यक्तीचा नाही, व्यापक आहे, असं त्यांचं मत पडलं. रविवारी बैठक घेऊ आणि लोकांना सावध करणारं एक पत्रक काढू. त्यांनी मथळा लिहायला घेतलासुद्धा. मी म्हटलं, बैठक रविवारी आहे, डोळा आजचा आहे. भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये, असं ते मथळ्यावरची नजर न उचलता म्हणाले. माझे वडील फार चांगले गृहस्थ होते. घराला आग लागली असती तर त्यांनी आधी आगीच्या कारणांवर परिसंवाद ठेवला असता.

फोन आलाच आहे तर उलटा फोन लावून खात्री करावी, एवढं मला सुचलं. आलेला फोन कुठून आला ते कळायची सोय त्या काळी नव्हती, म्हणून दवाखान्यातून घरी सोडताना दिलेल्या आणि आत्या आमच्याकडेच विसरून गेलेल्या कागदावरचा छापील नंबर घेऊन मी पुन्हा दुकानात गेले. समोरून बोलणारा खरा की खोटा हे त्यालाच विचारण्यात अर्थ नसतो. आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या दाराची कडी आपण वाजवायची. कडी बराच वेळ वाजली. शेठ गिऱ्हाईकं करत होता, मी फिरवत होते. शेवटी एका पुरुषानं फोन उचलला. तुमच्याकडून आमच्या पेशंटला फोन आला होता का, एवढंच मी विचारलं.

“कोण बोलतंय? इथनं कुणी फोन-बिन करत नाही. फोनला कुलूप आहे, किल्ली साहेबांकडं आहे, साहेब मीटिंगला गेलेत.” आणि त्यानं आपटला.

आवाज एवढा मोठा होता की शेठनं तो गल्ल्यापाशी उभ्या उभ्या ऐकला. त्याचा चेहरा उजळला.

“हां,” तो म्हणाला, “हे सरकार.”

दुकानापुरता खटला तिथं संपला. अस्सल सरकारनं खेकसून सांगितलं होतं की फोन आम्ही केला नाही. मला मात्र एक गोष्ट सुटत नव्हती. कोंबडीवाल्याला लोक घराबाहेर काढून ओळीत उभे करायचे होते. या बाईनं सगळ्यात आधी काय सांगितलं, तर थेंब थांबवा. म्हातारीनं घरात बसून थेंब टाकले नाहीत तर कुठल्या भामट्याच्या पदरात काय पडणार? आणि गाडीची भीती असेल तर त्यांच्या गाडीत बसूच नये. आपण आपल्या एसटीनं, जिथं ऑपरेशन झालं त्याच दवाखान्यात जावं. ती इमारत तर कुणी रातोरात बांधलेली नव्हती. फोन खोटा निघाला तर एक हेलपाटा पडेल. खरा निघाला आणि आपण गेलोच नाही तर डोळा जाईल. हे कळायला चळवळ लागत नाही, थोडा वेळ गप्प बसून विचार करावा लागतो. आमच्या घरात ते अवघड होतं.

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी वर गेले.

शेठचा निरोप माझ्या आधीच पोचला होता, सगळ्यांची मतं चिकटवून. शेठनं सांगितलं होतं की थेंब बंद करून दवाखान्यात ये असा फोन आहे, पण तो खोटा वाटतो. कंडक्टरनं सांगितलं की फोन खोटा आहे, नायच जायचं. चहावाल्यानं हाळी दिली की किडनीवाल्यांचा फोन आलाय, कडी लावून बस. आत्यानं कडी लावली, आणि वर आपलं स्वतःचं डोकं लावलं. ठग थेंब थांबव म्हणतो म्हणजे थेंब लागू पडत असणार. नाही तर त्याला का सलतील? म्हणून तिनं त्या संध्याकाळपासून थेंब दुप्पट केले होते.

मी गेले तेव्हा ती ओसरीत बाटली मांडीशी घेऊन बसली होती. तिनं चष्मा काढला. पापणी सुजून मिटली होती, कडेनं चिकट पिवळं येत होतं. रात्रभर ठणका लागल्याचं ती अगदी अभिमानानं सांगत होती. ठणका म्हणजे औषध काम करतंय.

मी सगळं सांगून पाहिलं. हळू सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. हक्क सांगितला, विज्ञान सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू पत्रकातलं बोलतीस बये. ह्ये औशद कुनी दिलं? ज्या डाक्टरानं मला सगळ्यांम्होरं झापलं त्यानं. आन ती बया कोन? आजी कशा हायेत म्हनं. मी काय तिची सोयरी हाय?”

मी म्हटलं, सोयरी नसतानाही कुणी विचारू शकतं.

“आपल्याला कुनी इचारलंय आजपातुर?” ती म्हणाली.  याचं उत्तर गुलाबी पत्रकातही नव्हतं.

तिकडे गाडीनं हॉर्न दिला. थांब्यावर चहा झाला की ती परत फिरायची, आणि ती गेली की संध्याकाळपर्यंत दुसरी नव्हती. मी धावत जाऊन कंडक्टरला थांबवलं. काल ‘नायच जायचं’ म्हणणारा हाच. मी त्याला एवढंच म्हटलं की भाऊ, निरोप तुम्ही आणलात, आता डोळाही बघून जा. तो कुरकुरत आला. खाकी पँट, खाकी शर्ट, गळ्यात तिकिटांची पेटी, हातात पंच. ओसरीसमोर उभा राहून त्यानं आत्याचा डोळा पाहिला आणि त्याचं कुरकुरणं थांबलं. मी त्याच्या कानात सांगितलं की समजावू नका, झापा.

त्याला शिकवावं लागलं नाही. रोजचाच सराव.

“ए म्हातारे, डोळा हाय का टमाटा? कुनी सांगितलं घरात बसाया? ऊठ. गाडी तुझ्यासाटी न्हाई थांबायची.”

आत्या ताडकन उठली. “आले साहेब,” म्हणाली. चपला पायात, बाटली पदरात, दाराला कडी. जे मला आणि सगळ्या पुरोगामी चळवळीला मिळून जमलं नाही, ते एसटी महामंडळाच्या गणवेशानं कपातला चहा निवायच्या आत केलं. गाडीत त्यानं तिला पुढची सीट दिली आणि घोडेगाव येईपर्यंत दर वळणावर ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगत राहिला. तेवढं मात्र तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

घोडेगावला गाडी बदलली, पुढे मंचरला बदलली. दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. केसपेपरच्या खिडकीपाशी मी नाव सांगते न सांगते तोच आतून एक बारकी, माझ्याहून फार मोठी नसलेली डॉक्टर जवळजवळ पळत आली. तिनं आत्याचा हात धरला. “आजी, आलात? फार बरं झालं. मीच फोन केला होता.”

आत्या जागच्या जागी दगड झाली. माझं मनगट घट्ट धरून कानाशी म्हणाली, “हीच ती. हिच्या हाती मला देऊ नगंस.”

डॉक्टर बाटली मागत होती, आत्या पदर सोडत नव्हती. दवाखान्यापर्यंत आणलेला डोळा आता दवाखान्याच्या दारात जाणार असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात वॉर्डातून एक जाडजूड सिस्टर आली. तिनं डोळा बघितला, बाटली ओढून घेतली आणि सुरू झाली. थेंब बंद करायला सांगितले होते ना? आता आलात होय मिरवत? चढा त्या कॉटवर, आणि मान हलवली तर बघा. आत्याचा चेहरा सैल पडला. ती निमूट कॉटवर चढली, आणि झोपता झोपता मला म्हणाली, “हितं बरं हाय.”

नंतर त्या डॉक्टरनं मला सांगितलं ते असं. त्या शिबिरातल्या काही पेशंटना थेंबांच्या बाटल्या एकाच खोक्यातून दिल्या होत्या. दोघांचे डोळे बिघडून आले तेव्हा तिला संशय आला. कार्यालयातल्या फोनच्या डायलला खरंच छोटं पितळी कुलूप होतं आणि किल्लीवाले साहेब खरंच मीटिंगला होते. म्हणून ती समोरच्या एसटीडी बूथवरून, स्वतःच्या पर्समधून, सगळ्यांच्या पीपी नंबरांना फोन लावत होती. माझा फोन उचलून खेकसलेल्या माणसाला ही बातमी नव्हती, कारण तिनं त्याची परवानगी घेतली नव्हती. त्या बाटल्या कुणी बनवल्या आणि चौकशीचं काय झालं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी पुढे विचारायला गेले तेव्हा भेटलेलं सरकार मात्र अगदी अस्सल होतं.

आत्याच्या डोळ्यात इंजेक्शनं दिली. सिस्टर ओरडत राहिली, आत्या सहन करत राहिली. सूज ओसरली. त्या डोळ्याला कायमचं थोडं धुकं राहिलं, पण माणूस ओळखू यायला लागला.

आम्ही तिथं असतानाच ओतूरकडचा एक म्हातारा आला. त्याला उशीर झाला होता. डोळा काढावा लागला. त्याचा मुलगा चांगला शिकलेला होता. व्हरांड्यात तो भेटेल त्याला तेच सांगत होता, एकाच सुरात, जणू कुणी त्याच्यावर आरोप ठेवला होता. “फोन आला होता, पण आम्ही फसलो नाही.” त्याच्या खिशात कसलंसं पिवळं पत्रक होतं की नाही, ते मी बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

त्या संध्याकाळी डॉक्टर माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली. अजून काही जण यायचे राहिले होते. तिनं मला विचारलं की तिच्या बोलण्यात काय चुकतं. लोक ऐकून घेतात, हो हो म्हणतात आणि येत नाहीत. मी चिडलेली होते, तिच्यावर नाही, पण बोलून गेले. म्हटलं, तुम्ही तब्येत विचारता. माफी मागता. आमच्याकडे असं फक्त लुटणारे बोलतात. तिला आधी हसू आलं, मग ते गेलं. तिनं पर्समधली चिल्लर चाचपली आणि रस्ता ओलांडून बूथमध्ये गेली.

आत्याची कॉट खिडकीशी होती. बूथचं दार मोडकं, उघडंच असायचं. मी तिला चहा पाजत होते तेव्हा पलीकडून तो बारीक आवाज चढताना आम्ही दोघींनी ऐकला.

“कोण बोलतंय? थेंब अजून बंद केले नाहीत? डोळा फुटायची वाट बघताय का? ते काही नाही, उद्या सकाळी हजर पाहिजे.”

तिनं रिसीव्हर आपटला आणि तशीच त्यावर हात ठेवून उभी राहिली. मग पुढचा नंबर फिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहिलेले बहुतेक जण आले.

आत्यानं मात्र चहाचा घोट घेता घेता तेव्हाच निकाल दिला होता. चांगला डोळा खिडकीकडे करून ती म्हणाली, “बघ, शिकली पोर. आता झाली डाक्टरीन.”